लोखंडी नांगराचे जनक कै. लक्ष्मणराव किर्लोस्कर

महाराष्ट्राच्या औद्योगिक इतिहासात लक्ष्मणराव किर्लोस्कर यांचे नाव लोखंडी नांगराशी कायमचे जोडले गेले आहे, आणि ते यथार्थही आहे. तथापि नुसता नांगर घडविणे ही गोष्ट तितकीशी दुर्घट नव्हती. विलायती नांगर त्यांच्या आधीही या देशात विकावयास येत होते, आणि तो नांगर पाहून तसाच दुसरा करून देणारा एखादा कसबी लोहार दक्षिण महाराष्ट्रात सापडला नसता, असेही नाही. दुर्घट होते ते निराळेच. ज्या मुलखात दगडी कोळसा निघत नाही, बीड गाळण्याची मोठी भट्टी नाही, यंत्रावर हात बसलेला कामगार नाही, आणि ज्या शेतकऱ्यासाठी वस्तू करावयाची त्याचाच तिच्यावर विश्वास नाही, अशा मुलखात कच्च्या मालापासून शेताच्या बांधापर्यंतची सारी साखळी एक एक कडी जोडून उभी करणे, हे खरे कर्तृत्व होय. या साखळीतील एक कडी जरी कच्ची राहिली असती, तरी तो नांगर प्रदर्शनात ठेवण्यापुरताच उरला असता. लक्ष्मणरावांचे चरित्र म्हणजे ही साखळी कशी जोडली गेली, किती वेळा तुटली आणि प्रत्येक वेळी कशी सांधली गेली, याचीच हकीकत आहे. आपल्या समाजातील ज्या कुटुंबांत आज कारखाने, दुकाने व छोटे व्यवसाय चालतात, त्यांनी ती या दृष्टीने वाचावी, म्हणून हा अल्प प्रयत्न.

बालपण व शिक्षण

लक्ष्मणरावांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर या गावी झाला. हा जिल्हा त्या वेळी मुंबई इलाख्यात होता. आज तो कर्नाटकात आहे. मराठी संगीत रंगभूमीचे आद्य प्रवर्तक अण्णासाहेब किर्लोस्कर यांचेही जन्मगाव हेच. लक्ष्मणरावांचे वडील काशीनाथपंत हे जुन्या वळणाचे, अध्यात्माकडे ओढा असलेले गृहस्थ होते. मुलाने रीतसर शिकावे, परीक्षा द्याव्या आणि चांगली नोकरी धरावी, ही त्या काळच्या कोणत्याही पांढरपेशा घरातील अपेक्षा त्या घरातही होती. परंतु लक्ष्मणरावांचे मन पुस्तकी अभ्यासात रमले नाही. त्यांना ओढ होती ती दोनच गोष्टींची, चित्रकलेची आणि यंत्रांची.

थोरले बंधू रामचंद्रपंत, ज्यांना सारे रामूअण्णा म्हणत, त्यांनी धाकट्या भावाचा कल ओळखला. त्यांच्या पाठिंब्यावर लक्ष्मणराव १८८५ च्या सुमारास मुंबईस गेले व सर जमशेटजी जिजीभाई कलाशाळेत दाखल झाले. दोन वर्षे बरी गेली. आणि मग असे ध्यानात आले की, आपल्याला काही रंगांतील भेद दिसत नाही. चित्रकार होऊ पाहणाऱ्या तरुणाच्या आयुष्यात याहून क्रूर निकाल कोणता असणार? रंगांधळेपणाला औषध नव्हते. परंतु लक्ष्मणराव रंगांचा मार्ग सोडून रेषांच्या मार्गाला लागले. यांत्रिक आरेखनात रंगांचे काम नसते. तेथे नजर अचूक हवी आणि हात स्थिर हवा, आणि ही दोन्ही त्यांच्यापाशी होती. हे आरेखन त्यांनी आत्मसात केले आणि पुढे मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये त्याच विषयाचे साहाय्यक शिक्षक म्हणून ते काम करू लागले.

येथे त्यांचे खरे शिक्षण झाले. वर्गातील काम आटोपल्यावर ते संस्थेच्या कर्मशाळेत रमत, यंत्रे खोलून पाहत आणि पुन्हा जोडत. अमेरिकन यांत्रिक मासिकांचे वाचन त्यांनी याच काळात सुरू केले व ते जन्मभर चालू ठेवले. पदवी त्यांच्या नावावर नव्हती. परंतु यंत्राचे चित्र पाहून यंत्र डोळ्यांपुढे उभे करण्याची शक्ती त्यांना आली. पुढे बढतीची वेळ आली तेव्हा लक्ष्मणरावांना डावलून ती जागा एका अँग्लो-इंडियन गृहस्थास देण्यात आली. हा अपमान त्यांनी मुकाट्याने गिळला नाही. नोकरीचा राजीनामा देऊन त्यांनी बेळगावचा रस्ता धरला.

बेळगावचे दिवस

बेळगावात रामूअण्णा होते. दोघा बंधूंनी सायकलींचा व्यापार आरंभिला होता. किर्लोस्कर बंधूंच्या उद्योगाचा प्रारंभ १८८८ सालापासून मोजला जातो तो याच दुकानामुळे. सायकल ही त्या काळी श्रीमंतांची वस्तू. लक्ष्मणराव मुंबईत असेपर्यंत तेथून माल पाठवीत, आणि रामूअण्णा बेळगावास तो विकत. शिवाय घेणाऱ्यास सायकलीवर बसावयास शिकवीत. वरवर पाहता हा किरकोळ धंदा. परंतु त्यातून दोघांनाही एक धडा मिळाला, तो असा की, नवी वस्तू विकणाऱ्याचे काम पैसे हाती पडले म्हणजे संपत नाही. ती वापरावयास शिकविणे, मोडल्यास दुरुस्त करून देणे व सुटा भाग वेळेवर पुरविणे, हेही त्या विक्रीतच येते. पुढे नांगराच्या धंद्यात हाच धडा त्यांच्या उपयोगी पडला.

दुकानाला जोडून लहानशी कर्मशाळा निघाली. कडबा कापण्याचे यंत्र हे तेथे झालेले पहिले शेतीचे यंत्र. कडबा अख्खाच गुरांपुढे टाकला म्हणजे त्यातील जाड बुडखे वाया जातात. तो बारीक कापून घातला तर तेवढ्याच वैरणीत जनावर अधिक दिवस निभते. ज्या मुलखात दुष्काळ दर काही वर्षांनी दारात उभा असतो, तेथे ही बचत लहान नव्हे. यंत्रकलेचा खरा उपयोग शेतकऱ्याच्या अडचणीशी तिची गाठ घालून देण्यात आहे, हे लक्ष्मणरावांनी येथे ओळखले. अडचणींत सर्वांत मोठी अडचण होती नांगरटीची.

नांगर आणि शेतकऱ्याचा संशय

कृष्णाकाठची काळी जमीन ज्याने नांगरली आहे, त्यालाच लाकडी नांगराची मर्यादा कळते. लाकडी नांगर माती फाडतो, उलथीत नाही. हरळी व कुंदा यांची मुळे खोल जातात. त्यांना खणून काढावयाचे तर नांगराला अनेक बैलजोड्या जुंपाव्या लागत. एवढे बैल एका कुणब्याच्या दावणीला कोठून असणार? मग वारंगुळ्याने शेजाऱ्यांचे बैल आणावयाचे, त्यांची पाळी आली की आपले द्यावयाचे, आणि या देवघेवीत ऐन मोसमाचे दिवस घालवावयाचे. लोखंडी नांगराला वाकडे पाते असते. फाळाने कापलेला मातीचा थर त्या पात्यावरून चढतो आणि उलटा पडतो. मुळे उन्हात येतात व वाळून मरतात. एका नांगरटीत दोन कामे होतात.

१९०३ साली लक्ष्मणरावांनी आपला पहिला लोखंडी नांगर तयार केला. त्याच वर्षी त्यांचे थोरले चिरंजीव शंतनुराव यांचा जन्म झाला. पुत्राचे कौतुक घरीदारी झाले. नांगराचे मात्र कोणी केले नाही. लोखंड जमिनीत गेले तर जमिनीला विष चढेल व ती नापीक होईल, अशी समजूत शेतकऱ्यांत पसरली होती. पहिले मोजके नांगर खपावयास दोन वर्षे लागली, असे या उद्योगाच्या इतिहासात नमूद आहे. या समजुतीला आज हसणे सोपे आहे. परंतु ज्याच्या घरची वर्षाची भाकरी एका पेरणीवर अवलंबून आहे, त्याने नव्या वस्तूविषयी संशय धरू नये, असे आपण कोणत्या तोंडाने म्हणणार? प्रयोग फसला तर कारखानदाराचा एक नांगर फुकट जातो. शेतकऱ्याचे वर्ष जाते. लक्ष्मणरावांचा मोठेपणा असा की, त्यांनी शेतकऱ्याला अडाणी म्हणून दोष दिला नाही. शेतातील अनुभवावरून ते नांगर सुधारीत राहिले आणि एकेका शेतकऱ्याच्या रानात त्याचा गुण सिद्ध होईपर्यंत त्यांनी धीर धरला. साखळीची शेवटची कडी, म्हणजे घेणाऱ्याचा विश्वास, त्यांनी अशी सर्वांत आधी घडविली.

ठळकवाडीहून कुंडलच्या माळावर

नांगराचा जम बसू लागला आणि नेमक्या त्याच वेळी पायाखालची जमीन गेली. बेळगावात ठळकवाडी भागात त्यांचा कारखाना होता. त्या ठिकाणी शहराची नवी वस्ती व्हावयाची असल्याने ती जागा सोडण्याचा हुकूम नगरपालिकेकडून आला. यंत्रे व माणसे घेऊन कोठे जावयाचे, हा प्रश्न उभा राहिला. हाती भांडवल नव्हते, आणि नांगराच्या कारखान्याला कर्ज देईल असा सावकार मिळणे कठीण होते.

अशा वेळी औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी पुढे आले. १९०९ साली गादीवर आलेले हे राजे स्वतः चित्रकार व कलेचे भोक्ते होते. चित्रकार होता होता राहिलेल्या लक्ष्मणरावांची त्यांच्याशी गाठ पडावी, हा योगायोग मोठा सुंदर आहे. औंध हे लहानसे संस्थान. त्याचा मुलूखही एकसलग नव्हता, ब्रिटिश जिल्ह्यांत तुकड्यातुकड्यांनी विखुरलेला होता. त्यांपैकी कुंडल भागात, कुंडल रोड या रेल्वे स्थानकाजवळ, राजेसाहेबांनी लक्ष्मणरावांस जागा देऊ केली आणि बिनव्याजी १०,००० रुपये कर्जाऊ दिले.

जागा कसली, सुमारे ३२ एकरांचा खडकाळ माळ तो. निवडुंगाचे रान माजलेले आणि त्यात नागसापांचा सुळसुळाट. पाण्याचे दुर्भिक्ष होतेच. परंतु लक्ष्मणरावांनी त्या माळात एक गुण पाहिला: तो लोहमार्गाला लागून होता. बीड, कोळसा व लोखंडी पट्ट्या जेथे तयार होतात तेथून त्या वाघिणीत भरून थेट दारात उतरविता येतील आणि तयार नांगर त्याच दारातून देशावर जातील, ही सोय बेळगावच्या भरवस्तीपेक्षाही मोलाची होती. सुपीक जमीन शेतकऱ्याला लागते. कारखान्याला लागतो तो रस्ता. १० मार्च १९१० हा दिवस या वसाहतीचा स्थापनादिन मानला जातो. पुढे त्या रेल्वे स्थानकाचेच नाव किर्लोस्करवाडी असे झाले. आज हे गाव सांगली जिल्ह्यातील पलूस तालुक्यात आहे.

वाडीची माणसे

कारखाना यंत्रांनी चालतो असे आपण म्हणतो. पण यंत्रे कोणी चालवावयाची? कुंडलच्या आसपास ओतकाम किंवा लेथ यांची माहिती असलेला कामगार मिळणे अशक्य होते. शिकलेली माणसे त्या माळावर यावयास तयार नव्हती. लक्ष्मणरावांनी जी माणसे जमविली, त्यांतील बहुतेक जगाच्या हिशेबी फारशा उपयोगाची नव्हती. शंभोअण्णा जांभेकर यांनी यंत्रशाळेचा भार उचलला. मंगेशराव रेगे यांनी पत्रव्यवहार व हिशेब सांभाळले. के. के. कुलकर्णी पडेल ते काम अंगावर घेत. शाळेत न चमकलेले अनंतराव फाळणीकर कल्पक यंत्रज्ञ ठरले. रामूअण्णांनी खजिना पाहिला आणि वसाहतीची आखणीही केली. घरे, रस्ते, विहीर, शाळा यांची व्यवस्था त्यांच्या नजरेखाली उभी राहिली.

याहूनही विशेष गोष्ट पहाऱ्याची आहे. तुकाराम रामोशी व पिऱ्या मांग हे दोघे पूर्वी दरोड्याबद्दल शिक्षा भोगून आलेले. सरकारच्या दप्तरी ज्यांच्या जातींवरच गुन्हेगारीचा शिक्का बसला होता, अशा या माणसांच्या हाती लक्ष्मणरावांनी वाडीचे रक्षण सोपविले, आणि त्यांनी तो विश्वास सार्थ केला. अस्पृश्यतेला किर्लोस्करवाडीत थारा नव्हता. आपल्यासारख्या ज्ञातिसंस्थेच्या वाचकांनी या गोष्टीकडे विशेष लक्ष द्यावे. आपल्या माणसांना हात देणे हे ज्ञातिसंस्थेचे कर्तव्यच आहे, त्यासाठीच ती असते. परंतु कारखान्याच्या फाटकाशी माणसाची जात विचारली गेली असती, तर वाडीला मिळालेली निम्मीअधिक गुणी माणसे बाहेरच राहिली असती. लक्ष्मणरावांचा हा निव्वळ दयाभाव नव्हता. माणसाची पारख कामावरून करावयाची, हा उद्योगाचा पहिला नियम ते पाळीत होते.

परदेशांत कारखान्यांभोवती वसविलेल्या नेटक्या वसाहतींविषयी लक्ष्मणरावांनी वाचले होते. कामगार चांगल्या घरात राहिला, त्याची मुले शाळेत गेली, तर तो टिकतो आणि त्याचे कसब कारखान्यात साठत जाते, हे त्यांनी जाणले होते. शिकविलेला कामगार सोडून गेला तर तो पुन्हा मिळावयाचा कोठून? म्हणून भट्टीइतकेच लक्ष त्यांनी वस्तीकडे पुरविले.

तोफांचे नांगर

माणसे जमली, माल खपू लागला, आणि १९१४ साली युरोपात महायुद्ध पेटले. कुंडलच्या माळाशी त्याचा काय संबंध, असे कोणास वाटेल. परंतु नांगराच्या साखळीची पहिली कडी फार दूर अडकलेली होती. कोक कोळसा व बिडाचे ठोकळे या मुलखात निपजत नव्हते. रंगासारखा माल विलायतेहून येत असे. युद्ध सुरू होताच जहाजे लष्कराच्या कामाला लागली, देशातील लोखंड व रेल्वेच्या वाघिणी यांवर सरकारी गरजेचा पहिला हक्क आला, आणि लोखंड, कोळसा व रंग या तिन्ही वस्तू एकदमच दुर्मिळ झाल्या.

हा प्रसंग दुधारी होता. विलायती नांगरांची आयात मंदावली, त्यामुळे देशी नांगराला मागणी वाढली. आणि नेमका त्याच वेळी देशी नांगर करावयास माल राहिला नाही. दारात गिऱ्हाईक उभे आणि भट्टी विझू पाहते, अशी ही अवस्था. अशा वेळी पुष्कळ कारखानदार हात जोडून बसतात व युद्ध संपण्याची वाट पाहतात. लक्ष्मणरावांनी आपल्याच मुलखाकडे निराळ्या नजरेने पाहिले. संस्थानांतून जुन्या ओतीव लोखंडाच्या तोफा पडून होत्या. त्यांचा काळ संपला होता. ऊनपाऊस खात त्या नुसत्या गंजत होत्या. ओतीव लोखंड पुन्हा वितळते आणि पुन्हा साच्यात ओतता येते. कोल्हापूरचे छत्रपती शाहू महाराज यांच्यापाशी लक्ष्मणरावांनी हा विषय काढला. शेतीच्या व उद्योगाच्या प्रत्येक कामाला उदार हात देणाऱ्या महाराजांनी त्या तोफा दिल्या. किर्लोस्करवाडीच्या भट्टीत त्या वितळल्या आणि फाळ होऊन रानात गेल्या. कोळसा व रंग यांनाही जवळपास मिळेल तो पर्याय शोधीत त्यांनी तो कठीण काळ काढला.

तोफांचे नांगर झाले, हे ऐकावयास मोठे काव्यमय वाटते, आणि व्याख्यानांतून ते तसे सांगितलेही जाते. परंतु त्यातील व्यवहाराची बाजू अधिक मोलाची आहे. तोफा काही अक्षय नव्हत्या; त्या एकदाच वितळावयाच्या. त्यांनी फक्त वेळ मिळवून दिला. त्या वेळात कारखाना बंद पडला नाही, कामगार पांगले नाहीत, गिऱ्हाईक तुटले नाही. एका ठिकाणच्या मालावर सर्वस्वी विसंबून राहणे केवढे घातक आहे, हे त्या चार वर्षांनी शिकविले.

विस्तार, मंदी आणि नवी वाट

युद्धानंतर १९२० साली किर्लोस्कर बंधूंच्या व्यवसायाचे रूपांतर मर्यादित कंपनीत झाले. त्याच वर्षी वाडीतून ‘किर्लोस्कर खबर’ हे मासिक निघू लागले. त्याची धुरा लक्ष्मणरावांचे पुतणे शंकरराव यांनी वाहिली. कारखान्याच्या मालाची माहिती देण्याकरिता निघालेले हे पत्र पुढे ‘किर्लोस्कर’ या नावाने मराठी वाचकांच्या घरोघर गेले, आणि त्याच घरातून १९३० साली ‘स्त्री’ व १९३४ साली ‘मनोहर’ ही मासिके निघाली. नांगराच्या कारखान्यातून मराठी वाङ्मयाला तीन मासिके मिळावीत, हे आश्चर्य खरे. परंतु गिऱ्हाइकाशी सतत बोलत राहिले पाहिजे, या सायकलीच्या दुकानापासूनच्या धोरणाचेच ते फळ होते.

नांगराच्या पाठोपाठ उसाचे लोखंडी चरक, भुईमुगाच्या शेंगा फोडण्याची यंत्रे, हातपंप इत्यादी माल निघू लागला. १९२६ साली पाणी उपसणारे सेंट्रिफ्यूगल पंप करण्यास प्रारंभ झाला. या वस्तूंचा क्रम पाहिला म्हणजे एक धोरण स्पष्ट दिसते. नांगराने जमीन तयार होते; पंपाने तिला पाणी मिळते; पाणी मिळाले की ऊस होतो; उसाला चरक लागतो. मोटेवर जेवढे पाणी निघे तेवढ्यावरच ज्याची बागाईत अवलंबून होती, त्या शेतकऱ्याला पुढे काय लागेल, ते कारखाना त्याच्या आधी ओळखीत होता. एका मालाचे गिऱ्हाईक दुसऱ्या मालाला आपोआप मिळत गेले.

आणि वाडी एकटी राहिली नाही. त्याच लोहमार्गावर, कऱ्हाडजवळ, औंध संस्थानच्याच आश्रयाने १९१६ साली ओगले बंधूंचा काच कारखाना निघाला. ओगलेवाडी हे गाव व ‘प्रभाकर’ कंदील ही त्याची देणगी. सातारा रोड येथे १९२२ साली धनजीशहा कूपर यांनी नांगरांचा कारखाना काढला. एकाच रेल्वेमार्गाच्या कडेला अवघ्या बारा वर्षांत तीन उद्योगग्रामे उभी राहावीत, ही साधी गोष्ट नव्हे. कूपर हे तर नांगराच्या धंद्यातील प्रतिस्पर्धी. परंतु अशा शेजारामुळे नुकसानीपेक्षा लाभच अधिक होतो. मुलखात कसबी हातांची संख्या वाढते, व्यापारी या मार्गावर फिरकू लागतात, आणि स्पर्धेमुळे मालाचा कस सुधारतो. ज्या मुलखातून पोटासाठी मुंबई गाठावी लागे, त्या मुलखात गावाशेजारीच यंत्रावरचे काम मिळण्याची शक्यता प्रथमच निर्माण झाली.

१९२९ नंतर जगभर मंदी आली. शेतमालाचे भाव कोसळले. ज्वारी-गुळाला भाव नाही तेव्हा नवा नांगर कोण घेणार? शेतकऱ्यावर जगणारा कारखाना शेतकऱ्याबरोबरच बुडावयाचा, असा प्रसंग आला. तेव्हा वाडीतून लोखंडी खुर्च्या, पलंग असे सामान निघू लागले. हाती असलेली यंत्रे व माणसे तीच. गिऱ्हाईक मात्र शहरातले. युद्धात माल तुटला होता, मंदीत गिऱ्हाईक तुटले; दोन्ही वेळा साखळी निराळ्या कडीपाशी तुटली आणि दोन्ही वेळा माणसे पांगू न देण्यानेच ती सांधता आली.

अमेरिकेत यंत्रविद्येचे शिक्षण घेऊन शंतनुराव १९२६ साली परतले, तेव्हापासून दुसरी पिढी कामाला लागली. १९४१ साली म्हैसूर संस्थानात हरिहर येथे यंत्रे करणारी यंत्रे बनविण्याचा कारखाना निघाला. १९४६ साली बंगळूर येथे विजेच्या मोटारींचा व पुण्यास खडकी येथे तेलावर चालणाऱ्या इंजिनांचा. पंप वाडीचा, मोटार बंगळूरची, इंजिन पुण्याचे अशी ही नवी साखळी झाली.

अखेरचा आघात

३० जानेवारी १९४८ रोजी महात्मा गांधींची निर्घृण हत्या झाली. त्यानंतर दक्षिण महाराष्ट्रात जो वणवा पेटला, त्यात किर्लोस्करवाडीही होरपळली. जमावाने कारखान्याला आगी लावल्या. लक्ष्मणरावांचे वय त्या वेळी ७८ वर्षांचे. ज्या वाडीत त्यांनी जात विचारली नव्हती, ती वाडी जातीच्या रागाने जळावी, याहून दारुण विटंबना कोणती? या प्रसंगाची चर्चा आजही निरनिराळ्या बाजूंनी होते. येथे एवढेच नमूद करावयाचे की, वाडी पुन्हा उभी राहिली. भट्टी पुन्हा पेटली, आणि किर्लोस्करवाडीचा कारखाना आजही चालू आहे.

२६ सप्टेंबर १९५६ रोजी लक्ष्मणरावांचे देहावसान झाले. १९६९ साली त्यांच्या जन्मशताब्दीनिमित्त भारत सरकारने त्यांच्या स्मरणार्थ टपाल तिकीट काढले.

या चरित्राचा बोध

थोर पुरुषांच्या चरित्रांत आपण सहसा धैर्य, चिकाटी, स्वाभिमान हे गुण शोधतो. लक्ष्मणरावांच्या ठायी ते होतेच. तथापि त्यांच्या यशाचा सारा भार एकट्या गुणांवर टाकला तर सत्याशी प्रतारणा होईल. औंधच्या राजाने माळ व पैसा दिला नसता, लोहमार्ग जवळ नसता, कोल्हापूरच्या तोफा मिळाल्या नसत्या, रामूअण्णांसारखा भाऊ नसता, तर हीच चिकाटी बेळगावच्या एखाद्या दुकानात झिजून गेली असती. कर्तबगार माणूस आणि त्याला वेळेवर हात देणारा समाज, या दोहोंच्या मिळणीतून उद्योग जन्मतो.

त्याची एक मर्यादाही सांगितली पाहिजे. लोखंडी नांगर सर्वांना एकसारखा लाभला नाही. ज्याच्या दावणीला भरपूर बैल व गाठीला पैसा, त्याला तो आधी मिळाला; दोन बिघ्यांच्या धन्याला तो पुष्कळ काळ दुसऱ्याकडून मागूनच आणावा लागला. नवी विद्या समाजात आली म्हणजे ती वरून खाली हळूहळू झिरपते. हे झिरपणे त्वरेने व्हावे, म्हणूनच पुढे सहकारी संस्था निघाल्या. ज्ञातिसंस्थांनाही या कामी आपला वाटा उचलता येईल.

आपल्या समाजात आज शिकलेली मुले पुष्कळ आहेत. काहींनी लहान कारखाने काढले आहेत, काही जुना व्यवसाय नव्या तऱ्हेने चालवू पाहत आहेत. शिष्यवृत्त्या व गुणगौरव यांबरोबर आपल्या संस्थेने आणखी एक काम मनावर घ्यावे, अशी नम्र सूचना आहे. धंदा सुरू करणाऱ्या तरुणाला प्रथम १०,००० रुपयांचा तो माळ हवा असतो, म्हणजे बिनव्याजी किंवा अल्प व्याजाचे भांडवल आणि बसावयास जागा. पुढे माल कोठून आणावा, तो अडला तर दुसरीकडे कोठे मिळेल आणि तयार झालेली वस्तू कोणाच्या हाती द्यावी, हे सांगणारी अनुभवी माणसे त्याला लागतात. अशी माणसे आपल्यात आहेत; त्यांची गाठ घालून देणे तेवढे राहिले आहे. आणि परीक्षेत मागे पडलेला मुलगा घरात असेल, तर त्याच्या आईवडिलांनी शंभोअण्णांची व अनंतरावांची आठवण ठेवावी. एखाद्या भट्टीला त्याच्याच हातांची गरज असेल.